सॉफ्टवेअरमधली मराठी बिघडते कुठे?

मोबाइलमध्ये भाषा निवडायची वेळ आली की माझ्या ओळखीतले बहुतेक मराठी लोक इंग्रजीवर बोट ठेवतात. ज्यांना इंग्रजी जेमतेम येतं, असेही त्यात आहेत. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘मराठीतलं काही कळत नाही हो.’ ज्याचा सगळा दिवस मराठीत जातो त्याला अ‍ॅपमधली मराठी कळत नसेल, तर दोष त्याच्या मराठीत नाही.

या दोषाचं खापर बहुधा अनुवादकावर फुटतं. जड शब्द वापरले, बोली ओळखली नाही, शब्दकोश समोर ठेवून काम केलं, वगैरे. यात तथ्य आहे आणि त्याकडे पुढे येतोच. पण सॉफ्टवेअरच्या अनुवादाचं काम जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की बरीचशी मराठी अनुवादकाच्या हाती येण्याआधीच मोडलेली असते. प्रोग्राम लिहिणारा इंग्रजी वाक्याचे तुकडे करतो, तिथेच ती मोडते.

साधनं आहेत

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. पडद्यावर दिसणारी वाक्यं थेट प्रोग्राममध्ये लिहिली, तर दुसरी भाषा आणताना सगळा प्रोग्राम उसवावा लागतो. त्यावर तोडगा असा की प्रोग्रामरने प्रत्येक वाक्य एका फंक्शनमधून जाऊ द्यायचं. मग त्या वाक्यांची वेगळी यादी तयार होते. अनुवादक त्या यादीत इंग्रजी वाक्यासमोर आपल्या भाषेतलं वाक्य लिहितो आणि प्रोग्राम चालताना वापरणाऱ्याच्या भाषेतलं वाक्य उचलतो. हे काम करणाऱ्या तयार लायब्ररी असतात. ग्नू प्रकल्पाची ‘गेटटेक्स्ट’ त्यातली सर्वांत जुन्या आणि परिचित लायब्ररींपैकी एक. ती १९९५ पासून मोफत उपलब्ध आहे. जगातल्या असंख्य वेबसाइट ज्यावर चालतात त्या वर्डप्रेसचा अनुवादही याच पद्धतीने होतो. आयबीएमने १९९९ मध्ये खुली केलेली ‘आयसीयू’ ही लायब्ररी तर आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातच आहे.

या लायब्ररीसोबत ‘सीएलडीआर’ नावाचा भाषांच्या माहितीचा मोठा साठा येतो. युनिकोड कन्सॉर्शियम तो सांभाळते. त्यात मराठी आहे. महिन्यांची आणि वारांची नावं, तारीख लिहायची रीत, लाख-कोटींचे स्वल्पविराम, सगळं आहे. मराठी निवडली की आकडा आपोआप १२,३४,५६७ असा देवनागरीत येतो. हिंदी निवडली तर तो इंग्रजी अंकांत येतो. म्हणजे दोन्ही भाषांची लिपी एक असली तरी सवय वेगळी आहे, एवढं बारीक भानही या साठ्यात ठेवलेलं आहे. तेव्हा साधनं नाहीत ही सबब आता चालणार नाही.

तुकड्यांची मराठी

अडचण साधन वापरण्याच्या पद्धतीत आहे. इंग्रजीत विचार करणारा प्रोग्रामर वाक्याला एक गाळलेली जागा ठेवतो. ‘अमुक पाठवलं’ या अर्थाचं एकच वाक्य लिहितो आणि अमुकच्या जागी फोटो, फाइल, पत्र काहीही बसवतो. इंग्रजीत ‘सेंट’ सगळ्यांना चालतं. मराठीत फोटो पाठवला, फाइल पाठवली, पत्र पाठवलं. लिंग तीन, क्रियापदाची रूपं तीन. अनुवादकाला यादीत वाक्य एकच मिळालेलं असतं, म्हणून तो ‘पाठवले’ लिहून मोकळा होतो आणि पडद्यावर ‘फाइल पाठवले’ असं दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, अनुवाद करणाऱ्याला मराठी येत नाही.

गावांच्या नावांचं त्याहून वाईट होतं. प्रोग्रामर ‘टू’ या शब्दापुढे गावाचं नाव जोडतो, म्हणून यादीत नुसता ‘टू’ येतो. त्याला अनुवादक ‘ला’ लिहितो. पडद्यावर येतं ‘पुणे ला’, ‘सातारा ला’. मराठी माणूस पुण्याला जातो, साताऱ्याला जातो. हे सामान्यरूप शाळेत न गेलेलं मूलही बोलताना चुकत नाही. तेच पूर्ण वाक्य, दोन्ही गावांच्या जागांसह, अनुवादकासमोर आलं असतं तर त्याने ‘पुणे ते सातारा’ लिहून प्रश्नच मिटवला असता. शब्दांची जागा बदलण्याची मोकळीक लायब्ररी देतेच. प्रोग्रामरने वाक्य कापून ती काढून घेतलेली असते.

अनेकवचनाचंही तसंच. इंग्रजीत शेवटी एक ‘एस’ जोडला की झालं, असं धरून प्रोग्राम लिहिले जातात. पण गेटटेक्स्टमध्ये प्रत्येक भाषेच्या अनेकवचनाचा नियम वेगळा लिहायची सोय आहे. जपानीला एकच रूप पुरतं, रशियनला तीन लागतात, अरबीला सहा. मराठीला दोन. मात्र मराठीत गंमत अशी की ‘महिना’चं ‘महिने’ होतं, पण ‘अर्ज’ अर्जच राहतो आणि बदलतं ते क्रियापद. एक अर्ज मिळाला, पाच अर्ज मिळाले. म्हणून नुसतं नाम अनेकवचनी करून चालत नाही, पूर्ण वाक्यच दोन रूपांत लिहावं लागतं. ही सोय असूनही न वापरल्यामुळे आपल्याला ‘३ महिना शिल्लक’ वाचावं लागतं.

संदर्भाचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. एका कंपनीकडून माझ्याकडे अशीच एक यादी आली होती. एक्सेलमध्ये हजारावर ओळी, इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या. ‘ओपन’ म्हणजे दुकान उघडं आहे, की फाइल उघडा? ‘ऑर्डर’ म्हणजे मागणी, आदेश की क्रम? ‘बुक’ म्हणजे पुस्तक की तिकीट काढणं? ‘फ्री’ म्हणजे मोफत की रिकामं? पडद्याचं एकही चित्र सोबत नव्हतं. मी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘जनरल मीनिंग टाका.’ वास्तविक प्रत्येक वाक्यासोबत अनुवादकासाठी टीप लिहायची आणि एकाच शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवायची सोय गेटटेक्स्टमध्ये आहे. प्रोग्रामरने एक ओळ लिहिली की काम होतं. ती ओळ लिहिली जात नाही, कारण मराठी ही शेवटच्या आठवड्यात उरकायची गोष्ट मानली जाते.

शब्द कोणते घ्यायचे?

आता अनुवादकाच्या वाट्याचा दोष. ‘पासवर्ड’ सगळ्यांना कळत असताना ‘परवलीचा शब्द’ किंवा ‘संकेतशब्द’ लिहून काय साधतं? ‘ओटीपी’ तर भाजीवाल्यालाही पाठ आहे. परका शब्द रुळला असेल तर तो मराठीच आहे. हा नियम नवा नाही. अर्ज, तारीख, रद्द, मंजूर, जमा, बाकी, दाखल, हरकत हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि शतकानुशतकं मराठीच्या घरात राहिले. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश तयार करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातली काही पदनामं रुळली. पण अर्ज आणि तारीख आजही तलाठी कार्यालयात ठाण मांडून आहेत, कारण लोकांनी ते सोडले नाहीत.

पडद्यावरच्या बटणासाठी हे शब्द अगदी नेमके आहेत. ‘रद्द करा’, ‘अर्ज भरा’, ‘जमा’, ‘बाकी’. आखूड आहेत, सातबाऱ्यापासून पतपेढीपर्यंत सगळीकडे वापरात आहेत. ते परके मानून बाजूला सारायचे आणि हिंदी सरकारी छापाचे शब्द आणायचे, याला भाषाशुद्धी कशी म्हणणार?

साधे शब्दही विचार न करता वापरले तर फसवतात. ‘रिमूव्ह फोटो’चं भाषांतर ‘फोटो काढा’ केलं की वाचणारा कॅमेरा उघडायची वाट पाहतो. तिथे ‘फोटो काढून टाका’ हवं. हे कोशात सापडणार नाही. मराठी वाचणाऱ्या चार माणसांच्या हातात फोन दिला की पाच मिनिटांत कळेल.

नुकसान कोणाचं?

कोणी म्हणेल, एवढ्या बारीक गोष्टींनी काय बिघडतं? समजा एका बाईने योजनेचा अर्ज भरला. चार दिवसांनी पडद्यावर ‘अर्जदार स्तरावर प्रलंबित’ असं दिसू लागलं. तिला वाटतं, साहेबांकडे पडून आहे, वाट पाहू. प्रत्यक्षात कार्यालय तिच्या एका कागदाची वाट पाहत असतं. ‘तुमच्याकडून एक कागद यायचा आहे’ एवढं लिहिलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी झेरॉक्स घेऊन गेली असती. मुदत संपली की अर्ज बाद होतो आणि नोंद होते की अर्जदाराने कागद दिला नाही.

राजभाषा अधिनियम १९६४ पासून आहे. पण कायद्याने पडद्यावर मराठी आणता येते, ती कळेल अशी करण्याचं काम माणसांनाच करावं लागतं.

कंपन्यांचं म्हणणं असतं की मराठी निवडणारे फार थोडे, त्यांच्यासाठी खर्च परवडत नाही. हे चक्र त्यांनीच फिरवलेलं आहे. मराठी वाईट, म्हणून लोक इंग्रजी निवडतात. लोक इंग्रजी निवडतात, म्हणून मराठीवर खर्च नाही. खर्च नाही, म्हणून मराठी वाईट. एक खरी अडचण मात्र मान्य केली पाहिजे. साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीतली १६० अक्षरं मावतात, देवनागरीतली ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘क्षी’ हे आपल्याला एक अक्षर, यंत्राला चार. यावर उपाय आखूड आणि नेमकी मराठी लिहिण्याचा आहे. मराठी सोडून देणं हा उपाय होत नाही.

हल्ली एक नवं उत्तर मिळतं, ‘आता मशीन सगळं भाषांतर करून देतं.’ देतं, आणि पूर्ण वाक्य दिलं तर बरंच चांगलं देतं. पण नुसता ‘बुक’ दिला तर त्यालाही पुस्तक की तिकीट हे कळायला मार्ग नाही. तुकडे माणसाला द्या की यंत्राला, उत्तर तुकड्यांचंच येणार.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. वाक्य पूर्ण लिहा, तोडून जोडू नका. प्रत्येक वाक्यासोबत ते कुठे दिसणार आहे याची टीप द्या. अनेकवचन आणि लिंग यांची जी सोय लायब्ररीत आहे ती वापरा. आणि अ‍ॅप बाजारात आणण्याआधी ते मराठीत चालवून पाहणारा एक माणूस नेमा, ज्याच्या ‘हे कळत नाही’ या शब्दाला किंमत असेल. एवढं केलं की मराठीपुरता फायदा होऊन थांबत नाही. ज्या प्रोग्राममध्ये एका भाषेची जागा नीट ठेवली आहे, त्यात उद्या कोकणी आणणं सोपं जातं आणि उजवीकडून डावीकडे वाचायची उर्दूही.

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत मराठी मुलं-मुली भरपूर आहेत. यातलं बरंचसं त्यांच्या हातात आहे, कारण वाक्य तोडायचं की पूर्ण ठेवायचं हे कोड लिहिणारा ठरवतो, त्यासाठी साहेबाची परवानगी लागत नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनी वर्डप्रेससारख्या खुल्या प्रकल्पांच्या मराठी याद्या उघडून पाहाव्यात. कुणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतं. आणि सुरुवात म्हणून आपला फोन महिनाभर मराठीत ठेवावा. कुठे अडखळायला होतं ते लिहून काढलं, तरी कामाची यादी तयार होईल.