थंडीची वही कोणाची?



२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांवर उतरला. त्याआधीचा नीचांक १७ जानेवारी २००३ चा, २.८ अंशांचा. विक्रम मोडला हे कळले, कारण विद्यापीठात रोज वही भरली जाते. नाहीतर "औंदा थंडी लई" म्हणत आपण शेकोटीला हात शेकले असते.

शेकोटीवरच्या गप्पांना विमा कंपनी विचारत नाही. केळीच्या हवामान विम्यात अट असते ती अशी: सलग ३ दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली. तेही आपल्या बागेतले नव्हे, महसूल मंडळाच्या यंत्रातले! यंत्र माळावर, बाग नदीकाठी. थंड हवा जड, ती रात्री सखलात साचते. बागेत ७ आणि यंत्रात ९ भरले, तर पाने पिवळी पडूनही कागदावर थंडी पडलीच नाही!

आम्ही भीक मागत नाही, हिशेब मागतो. यंत्राचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. जुन्या वर्षांच्या नोंदी गावात मिळाल्या पाहिजेत.

तोवर गावाने वर्गणी काढून किमान-कमाल तापमापी घ्यावी. शिवारात सावलीला, छातीएवढ्या उंचीवर टांगावी. रोज सकाळी ठरल्या वेळी आकडा लिहावा, खाली दोघांच्या सह्या. या वहीवर कंपनी पैसे देणार नाही, हे आम्ही जाणतो. पण यंत्राला जाब विचारायला पुरावा लागतो. शेतमालाच्या उत्पादनखर्चाचा हिशेब आपण मांडायला शिकलो. आता थंडीचाही मांडू!