पहिला सामना कोणता?

सिहोऱ्यासारख्या गावी मुलांना कुस्तीतील डावपेच कळतात. मुष्टियुद्ध मात्र त्यांना नुसती मारामारी वाटते. अशा नवख्यास पहिला सामना कोणता दाखवावा? पुष्कळ जण म्हणतील, एका ठोशात प्रतिस्पर्धी आडवा होईल असा. परंतु अशा सामन्यात बळ दिसते, बुद्धी दिसत नाही.

त्याला ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतील किन्शासा येथे झालेला सामना दाखवावा. जॉर्ज फोरमन हा २५ वर्षांचा, तोवर एकही सामना न हरलेला जगज्जेता. मुहम्मद अली ३२ वर्षांचा. अली दोरांना टेकून, हातांच्या आडोशाने ठोसे झेलीत राहिला. मारता मारता फोरमनच थकला. आठव्या फेरीत अलीने नेमके ठोसे लगावून त्यास खाली पाडले. डाव साधण्यासाठी धीर धरावा लागतो, हे कुस्ती जाणणाऱ्या मुलास येथे चटकन उमगेल.

मात्र डोक्यावर बसणारे ठोसे मेंदूस घातक असतात, हेही त्याच वेळी सांगावे. खेळाचे तेज दाखवावे, तशी त्यातील जोखीमही दाखवावी. मग आवडनिवड त्या मुलावर सोपवावी.