रूप पालटले, पण मूळ?

वैशाखातल्या लग्नसराईत रात्री शहापूरहून किन्हवलीकडे वा मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना गावोगावी हळदीचे मांडव दिसतात. मांडवालगत डीजेच्या भिंती उभ्या असतात आणि दहा-बारा वर्षांच्या मुली पडद्यावरील गायिकेची हुबेहूब नक्कल करीत असतात. घरची मंडळी कौतुकाने टाळ्या वाजवितात. याच मांडवात एकेकाळी धवलारीण मानाने बसे आणि लग्नाचा एकेक विधी आपल्या गाण्याने पुढे नेई. आज अनेक ठिकाणी तिला कोपराही उरलेला नाही.

या मुलींसमोर आदर्श कोणता, हा खरा प्रश्न आहे. पाश्चात्त्य पॉप संगीताचा एक मंत्र आहे : दर दोन-तीन वर्षांनी नवे रूप घ्या, नाहीतर बाजार तुम्हाला विसरेल. मॅडोना ही या तंत्राची आद्य आचार्या. १९९८ साली तिने आपल्या संग्रहात संस्कृत गीत घेतले आणि त्याच वर्षी एका पुरस्कार सोहळ्यात कपाळी वैष्णव तिलक लावून ती तोकड्या, पारदर्शक वस्त्रांत नाचली. वैष्णव भक्तांनी निषेध केला. २००० साली तिलक गेला, डोक्यावर अमेरिकी गुराख्याची टोपी आली. आपल्याला जी श्रद्धा, ती तिच्यासाठी एका हंगामाची वेशभूषा होती!

मग कलावंताने बदलूच नये काय? तसे मुळीच नाही. गिरगावात जन्मलेल्या सुलोचनाबाई चव्हाणांचेच उदाहरण घ्या. सुलोचना कदम या नावाने त्या हिंदी चित्रपटांत गात होत्या. पुढे त्या लावणीकडे वळल्या, पती श्यामराव चव्हाणांच्या मार्गदर्शनाखाली लावणीचा ठसका त्यांनी आत्मसात केला. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले. हे रूपांतर लहान नव्हते. परंतु शृंगाराची लावणी गातानाही डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. शृंगार शब्दांत आणि स्वरांत होता. त्यासाठी देहाचे प्रदर्शन मांडावे लागले नाही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या निवर्तल्या. त्यांचा गानप्रकार बदलला, मूळ बदलले नाही.

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. लावणीला दीर्घकाळ नाके मुरडली ती आपल्याच पांढरपेशा घरांनी. धवलारिणीला ‘अडाणी’ ठरविले तेही आपणच. स्वतःच्या अंगणातील कला आपण हीन मानली आणि रिकाम्या अंगणात बाजार येऊन बसला, तर दोष केवळ बाजाराचा कसा? लेकरांना दटावून काय साधणार? त्यांच्या हाती आपण दुसरे काय दिले आहे?

म्हणून बंदीची भाषा नको. शहापूर-मुरबाडच्या कार्यकर्त्यांनी एवढेच करावे : आपल्या घरच्या हळदीला आधी धवलारिणीला आवतण द्यावे, साडीचोळी देऊन तिचा सन्मान करावा आणि घरातील एका तरी मुलीला तिच्याजवळ बसवावे. तिची गाणी पोथीत नाहीत, कंठात आहेत. तो कंठ थांबला की ती गाणीही गेली. पुढे ती मुलगी खुशाल पॉप गाईल, नवनवी रूपे घेईल; पण परतायचे कोठे, हे तिला ठाऊक असेल.