सोळा आण्यांचे रंग

"सरळ ० ते २५५ आकडे लिहायचे सोडून मध्येच ही ए-बी-सी-डी कशाला?" ब्लॉगचा साचा स्वतः रंगवायला घेतलेल्या बहुतेकांनी ही कुरकुर कधी ना कधी केलेली असते. मग जालावरचा एखादा परिवर्तक उघडायचा, त्यात एफएफ९९३३ चिकटवायचं, बाहेर पडलेले २५५, १५३, ५१ उचलायचे आणि सुटलो म्हणायचं. सोळाचे आकडे यंत्रासाठी, दहाचे माणसांसाठी, असं त्यामागचं तत्त्वज्ञान. मला ते साफ अमान्य आहे. आणि मराठी माणसाने तर ते बोलूच नये!

मंडळी, १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचाच होता. दोन आण्यांची चवली, चाराची पावली, आठांची अधेली. पावकी-निमकी-पाऊणकी घोकलेली पिढी बाजारात उभ्या उभ्या सोळाच्या हिशेबात भागाकार करत होती, तेही कागदाशिवाय. खरी गोष्ट आपण अजूनही 'सोळा आणे खरी' म्हणतो. आणि त्यांची नातवंडं दोन अंकांसाठी परिवर्तक उघडतात.

रंगाच्या कोडात सहा खुणा. पहिल्या दोन लाल, पुढच्या दोन हिरवा, शेवटच्या दोन निळा. प्रत्येक जोडीतला पहिला अंक म्हणजे आणे, दुसरा म्हणजे आण्याचा सोळावा हिस्सा, चिल्लर. दहाला ए, अकराला बी, असं करत पंधराला एफ. झालं, एवढंच आहे. एफएफ९९३३ वाचा: लाल जवळजवळ पूर्ण रुपया, हिरवा साडेनऊ आणे, निळा तीन आण्यांच्या थोडा वर. केशरी! दशमान हवंच असेल तर आणे गुणिले सोळा अधिक चिल्लर. ९ × १६ + ९ = १५३. यासाठी यंत्र?

एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत नावं दिलेले रंग किती, तर सोळाच. त्यातला 'ग्रे' म्हणजे ८०८०८०, तिन्हीकडे अधेली. 'सिल्व्हर' म्हणजे सी०सी०सी०, बारा आणे. पाऊण रुपया डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतो. त्याच जागी १९२, १९२, १९२ लिहिलं तर काही बोध होतो? २५५ ही मर्यादाच दशमानाची नाही, ती आठ बिटांची आहे. एका सोळामान अंकात बरोबर चार बिट बसतात म्हणून जोडी केली, उगाच छळायला नव्हे. (जुन्या रुपयात पै होत्या १९२, आणि चांदीचा सी० म्हणजेही १९२. निव्वळ योगायोग, पण मला भारी आवडतो :))

शाळा-कॉलेजात हेच 'संख्यापद्धतींचे रूपांतर' म्हणून शिकवतात. सोळाने भागा, बाक्या खालून वर लिहा, चार गुण. ते कशासाठी, हे कोणी सांगत नाही. फळ्यावर एक रंग काढून दाखवत नाही. त्या पोरांनी मोठेपणी परिवर्तक उघडला तर दोष त्यांना तरी काय द्यायचा?

आता एक आक्षेप रास्त आहे. आठ आणे म्हणजे पडद्यावरचा निम्मा प्रकाश नव्हे. नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत तो साधारण २२ टक्केच असतो. पण डोळ्याला अंधारातले बारकावे उजेडातल्यांपेक्षा जास्त कळतात, त्यामुळे तो करडा 'मधला' वाटतो. रंग निवडायला एवढा अंदाज पुरतो.

आणि न पुरणारी गोष्ट वेगळीच आहे. पांढऱ्या पानावर फिकट करडी अक्षरं लिहायची टूम आहे ना, ९९९९९९ वगैरे? कोड चिकटवणाऱ्याला ते नुसते सहा नऊ दिसतात. वाचता येणाऱ्याला दिसतं की शाई पांढऱ्याच्या दिशेने साडेनऊ आणे निघून गेली आहे. डब्ल्यूथ्रीसीच्या २००८ च्या सुगम्यता नियमांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी ४.५ ला १ एवढा विरोध किमान मागितला आहे. ९९९९९९ ला मिळतो सुमारे २.८. ७७७७७७ थोडक्यात नापास, ७६७६७६ कसाबसा पास. म्हणजे हिशेब सोपा: करड्या अक्षराने सात आण्यांच्या वर जाऊ नये.

माझे निम्मे वाचक काका-मावश्या आहेत, आणि तुमचेही असणार. मोतीबिंदू, चाळिशी, स्वस्तातला मोबाईल, वर खिडकीतलं ऊन. "दिसत नाही रे" असं त्या कळवत नाहीत, गुपचूप वाचणं सोडतात. तेव्हा आज साचा उघडा आणि मजकुराच्या रंगाचा पहिला, तिसरा नि पाचवा अंक बघा. नऊ, ए, बी दिसले तर तिथे ३३३३३३ टंका. परिवर्तकाला विचारायची गरज नाही.