सपाट जमीन कुणाच्या वाट्याला?

दोस्तांनो, शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी शिकवलं : नदीकाठी पाणी असतं, सपाट जमीन असते, म्हणून तिथं वस्ती होते. मी पाठ केलं, मार्क मिळवले. पण आमचीच वस्ती गावाचं सांडपाणी जातं त्या अंगाला का, हे पुस्तकात कुठंच नव्हतं.

आता अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचा नकाशा काढा. ॲपलेचियन डोंगर. गॉली ब्रिज गावाशी न्यू आणि गॉली या नद्या मिळतात आणि कनॉवा नदी सुरू होते. दोन्ही अंगांना डोंगर, मधे सपाटीची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीतच रेल्वे, कारखाने, घरं. सगळं एकमेकांच्या उरावर. इथं एकोणिसाव्या शतकात गुलामांकडून मीठ पिकवून घेतलं. मग कोळसा निघाला. मग रसायनं आली, आणि खोऱ्याचं नाव पडलं 'केमिकल व्हॅली'.

1930 साली गॉली ब्रिजजवळ हॉक्स नेस्टचा बोगदा खणायला घेतला. युनियन कार्बाइडच्या धातूच्या कारखान्याला वीज पाहिजे होती. दगडात सिलिका. मजुरांना मास्क नाहीत. आत राबणारे बहुतेक काळे. धूळ फुप्फुसात बसली आणि माणसं पटापट मेली. संसदेतल्या चौकशीत आकडा आला 476. नंतरच्या अभ्यासात साडेसातशेच्या वर. काळ्या प्रेतांना गोऱ्यांच्या दफनभूमीतही जागा नव्हती.

नदीनं खाली या. चार्ल्सटन शहराच्या पुढं इन्स्टिट्यूट हे काळ्यांचं गाव. 1891 पासून तिथं त्यांचं कॉलेज. शहाणे म्हणतात, लोक पोटासाठी कारखान्याशेजारी राहायला जातात, त्याला कोण काय करणार? साफ खोटं! इथं कॉलेज आधी, कारखाना पन्नास वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात. पुढं तो युनियन कार्बाइडनं घेतला आणि तिथं एमआयसी बनवलं. तेच विष 1984 च्या डिसेंबरात भोपाळच्या झोपड्यांत शिरलं, हजारो मेले. 11 ऑगस्ट 1985 ला इन्स्टिट्यूटच्या कारखान्यातून दुसरं एक विषारी रसायन सुटलं. शंभरावर माणसं दवाखान्यात. तरी एमआयसी तिथून जायला 2011 उजाडलं.

म्हणजे माणसं विषाजवळ गेली नव्हती. विष माणसांजवळ आणून ठेवलं होतं.

डोंगर निसर्गानं उभे केले, कबूल. पण चिंचोळ्या सपाटीत कुणाच्या उशाशी काय ठेवायचं, हे निसर्ग ठरवत नाही. गावकूसही निसर्गानं बांधलं नव्हतं!

तेव्हा पोरांनो, कुठलाही नकाशा हातात आला की आधी बघा, वारा नि पाणी कुठल्या अंगाला जातं. मग बघा, त्या अंगाला कोण राहतं.

उत्तर सापडलं की मास्तरांनाही सांगा.