गाव सांगलीत, भट्टी कोइमतूरला: गलाईवाल्यांना सरकार कुठे भेटतं?

देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा. मागच्या गल्लीत एखादं तरी मराठी बोलणारं दुकान सापडण्याची शक्यता बरीच आहे. छोटीशी खोली, भट्टी, मूस आणि नाकात बसणारा तेजाबाचा वास. मालकाचं गाव विचारलं, तर उत्तर येतं विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ. नाहीतर साताऱ्यातलं माण किंवा खटाव.

हे गलाई व्यावसायिक. जुने दागिने, कारागिराकडे उरलेला चुरा, अगदी दुकानाच्या झाडलोटीत आलेली धूळसुद्धा वितळवून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढणं हे त्यांचं काम. सोन्यात ठरावीक प्रमाणात चांदी मिसळून ते नायट्रिक अॅसिडमध्ये टाकतात. चांदी, तांबं विरघळतं आणि सोनं खाली राहतं. मग टंच काढून लगड परत द्यायची.

पर्जन्यछायेतल्या या तालुक्यांत शेतीवर भागत नव्हतं. आधी एकजण गेला, त्याने भावाला नेलं, मग पुतण्याला, मग गावातल्या पोरांना. घर, शेत, मतदार यादीतलं नाव गावाकडे आणि आयुष्य केरळ, तमिळनाडू, पंजाब किंवा बंगालमध्ये.

प्रश्न इथेच सुरू होतो. सरकारी मदत माणसाला मिळते की त्याच्या पत्त्याला?

सगळ्यात मोठी भीती: ‘४११’

गलाईवाल्यांमध्ये हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली गुन्हा होता, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ही तरतूद कलम ३१७ मध्ये गेली. बोलण्यात मात्र अजून ४११ च आहे.

कायदा म्हणतो, माल चोरीचा आहे हे माहीत असलं पाहिजे किंवा तसं मानायला कारण असलं पाहिजे. पण गलाईच्या धंद्यात दागिना एकदा मुशीत गेला की त्याची ओळख संपते. चोर पकडला गेला, त्याने दुकानाकडे बोट दाखवलं, की सोनं भरून देण्यासाठी दबाव येतो, ही सराफ आणि गलाई व्यावसायिकांची जुनी तक्रार आहे.

पोलिसांची बाजूही समजण्यासारखी आहे. चोरीचं सोनं कुठेतरी वितळवलं जातंच आणि तो माग काढणं त्यांचं कामच आहे. पण परक्या राज्यात, परक्या भाषेतल्या कागदावर सही करताना गलाईवाल्याच्या शेजारी कोण असतं? बहुतेक वेळा गाववाला किंवा स्थानिक मराठा मंडळ. गणपती आणि शिवजयंती करणाऱ्या मंडळालाच मग वकीलही शोधावा लागतो.

मुलांचा प्रश्न वेगळाच

महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातून प्रवेश हवा असेल, तर अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच झालेली असावी लागते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हा कोटा ८५ टक्के जागांचा आहे. नोकरीनिमित्त राज्याबाहेर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना या नियमात काही सवलती आहेत. भट्टीनिमित्त बाहेर असलेल्यांच्या मुलांना नाहीत. म्हणजे बदली झालेल्या अधिकाऱ्याची अडचण सरकारला दिसली, दुष्काळाने ज्याला बाहेर काढलं त्याची नाही.

रेशनचं काय? ‘एक देश, एक रेशनकार्ड’ २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोहोचलं. पण ते अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थ्यांपुरतंच आहे.

राज्याबाहेर मदत देता येते का?

येते, आणि महाराष्ट्र ती देतोही. सीमाभागातली ८६५ गावं कर्नाटकात आहेत, पण महाराष्ट्र त्यांच्यावर हक्क सांगतो. तिथल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी तरतूद आहे. २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजनाही या गावांना लागू करण्याचा निर्णय झाला, त्यावर कर्नाटकने आक्षेपही घेतला. थोडक्यात, इच्छा असेल तिथे सीमा आड येत नाही. फरक इतकाच, की गलाईवाल्यांच्या मागे कुठला सीमावाद नाही.

सातारा-सांगलीचाच आणखी एक धडा मुंबईत आहे. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कामगार मंडळाकडे नोंदला जातो, मालक मजुरीवर लेव्ही भरतो, त्यातून भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ मिळतात. मालक बदलला तरी हक्क कामगारासोबत राहतो. पण हा कायदा राज्यापुरता आणि मजुरांसाठी. गलाईवाला स्वतःच दुकानदार, त्यामुळे तो त्यात बसत नाही.

केरळचं उदाहरण जास्त जवळचं आहे. बाहेर राहणाऱ्या मल्याळी लोकांसाठी तिथे १९९६ पासून ‘नोर्का’ हा स्वतंत्र विभाग आहे. तो फक्त आखातातल्यांसाठी नाही. भारतातल्या इतर राज्यांत राहणाऱ्यांनाही ओळखपत्र मिळतं आणि कल्याण मंडळाच्या पेन्शन योजनेत सहभागी होता येतं. याच केरळच्या सराफ बाजारांत सांगलीचे गलाईवाले बसलेले आहेत, हे विशेष.

अमेरिकेतल्या चेरोकी नेशनने तर त्यापुढचं पाऊल टाकलंय. या आदिवासी राष्ट्राचे साडेचार लाखांहून जास्त नागरिक आहेत आणि त्यातले बहुसंख्य ओक्लाहोमातल्या राखीव क्षेत्राबाहेर राहतात. त्यांच्या १७ सदस्यांच्या परिषदेत २ जागा फक्त या बाहेरच्यांनी निवडून द्यायच्या. चेरोकी नेशन स्वतःचं सरकार असलेलं राष्ट्र आहे, त्यामुळे तुलना तंतोतंत होत नाही. पण बाहेर गेलेल्याचा आवाज आत कसा पोहोचवायचा, याचं एक उत्तर तिथे आहे.

आपल्याकडे तो आवाज म्हणजे मत, आणि मतासाठी गावीच यावं लागतं. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान होऊ शकेल, अशी योजना होती. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांची बैठक झाली, विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि २०२४ च्या निवडणुकांत ते यंत्र आलंच नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. दिवाळीला खानापूर किंवा माणला आलेल्या गलाईवाल्यापुढे दोनच मार्ग होते: जवळपास तीन आठवडे भट्टी बंद ठेवायची, नाहीतर परत जाऊन एका दिवसासाठी पुन्हा तिकीट काढायचं.