कुलपातले सूर

कोल्हापुरात गाण्याची बैठक आटोपली की रसिकांचा एक घोळका हमखास मागे रेंगाळतो आणि बोलणे हटकून जुन्या गवयांवर येते. अमक्या बुवांचा त्या रात्रीचा नट अमक्यांनी टेपवर घेतला होता, असे कुणी सांगतो. ती टेप कुठे आहे, या प्रश्नाला उत्तर ठरलेले असते : कपाटात. ऐकायला कधी मिळेल, या प्रश्नाला मात्र उत्तर नसते. कलावंत गेला, टेप घेणारा गेला, ऐकू इच्छिणारेही एकेक करून चालले. त्यांच्या चिडचिडीला हौशी लोकांचा हट्ट म्हणून हसणे सोपे आहे; ते न्याय्य नाही.

या नगरीला तर या बाबतीत जुनी जखम आहे. शाहू महाराजांनी आश्रय दिलेले आणि जयपूर घराण्याचे अध्वर्यू ठरलेले अल्लादिया खाँ १९४६ साली निवर्तले. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही. त्यांचा पुतळा आपण पाहतो, थोरवी ऐकतो; गाणे तेवढे शिष्यांच्या गळ्यातून अदमासावे लागते. त्यांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, पण त्या सुमारे तीन-साडेतीन मिनिटांच्या. अशीच एक भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेली आणि त्याच वर्षी बाईंचे निधन झाले. मैफलीत तासभर फुलणारा त्यांचा राग ऐकायचा तर आजही खासगी ध्वनिमुद्रणांचाच शोध घ्यावा लागतो. जे ताऱ्यांकडे धाडले ते तीन मिनिटांचे, आणि जे तासाचे ते ओळखीपाळखीच्या मेहेरबानीवर, असा हा न्याय आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. केसरबाई पुढे ध्वनिमुद्रण आणि आकाशवाणी यांपासून कटाक्षाने दूर राहिल्या. ज्यांनी आपले गाणे यंत्राच्या हवाली करण्याचे नाकारले, त्यांची चोरून घेतलेली मैफल मरणोत्तर बाजारात मांडणे हा त्यांचा अपमान नव्हे काय? अवश्य आहे. कलावंताने स्पष्ट नकार दिला असेल तर तो मानलाच पाहिजे. परंतु कुलपात पडलेल्या प्रत्येक टेपमागे असा नकार असतो, हे खरे नाही. पुष्कळदा तेथे कलावंताची इच्छा नसते. असते ती वारसांची अनिश्चितता, संस्थेची दिरंगाई आणि दुर्मीळ वस्तू केवळ आपल्यापाशी असल्याचा संग्राहकाचा अहंकार. नकाराचा मान राखावा. आळसाला मात्र नकाराचे वस्त्र नेसवू नये.

कायदाही या दिरंगाईच्याच बाजूने उभा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षे टिकतो. पण ही वर्षे मोजावयाची ती प्रकाशनापासून. जे प्रकाशितच झाले नाही, त्याची मुदत सुरूच होत नाही. उलट गाणाऱ्याचा हक्क मैफलीच्या पुढील वर्षापासून मोजला जातो आणि पन्नास वर्षांनी संपतो. म्हणजे गळ्याच्या मालकाची मुदत सरते आणि डब्याच्या मालकाची सुरूही होत नाही! अप्रकाशित ध्वनिमुद्रणाची मुदत ते घेतल्याच्या वर्षापासून मोजावी, एवढी दुरुस्ती संसदेला अवघड नाही.

चुंबकीय फीत कायद्याची वाट पाहत नाही. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात तिच्यावर बुरशी चढते, लेप सुटतो. ती वाजविणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हातही विरळ होत आहेत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या शहराने पाहिले. वास्तू पुन्हा उभारता येते. जळालेली टेप पुन्हा गाऊन घेता येत नाही.

म्हणून जतन आणि प्रकाशन हे दोन प्रश्न वेगळे करावेत. प्रकाशनाचा वाद हवा तितका चालू द्यावा, पण नक्कल आजच करून ठेवावी. १८८३ पासून संगीताची परंपरा सांभाळणारा देवल क्लब आणि संगीत विभाग असलेले शिवाजी विद्यापीठ यांनी एकत्र यावे, कोणाकडे काय आहे याची यादी करून ती जाहीर करावी, आणि वारसांच्या संमतीने विद्यार्थ्यांना बसून ऐकता येईल अशी एक खोली उघडावी. विक्री नको असेल तर नसो. श्रवण तरी असो. आकाशवाणीने आपल्या संग्रहातील काही गाणे प्रकाशित केले आहे, तेव्हा हे अशक्य नाही.

गाणे तळघरातल्या सोन्यासारखे नसते. सोने पुरून ठेवले तरी सोनेच राहते. ऐकणारा कान उरला नाही, तर टेपवर नुसता भुगा उरतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या वेळी आपल्यापाशी साधन नव्हते, असे निदान म्हणता तरी येईल. पुढच्या पिढीने जाब विचारला, तर आपल्यापाशी ती सबबही असणार नाही.